हळद जेवणात हवी, कॅप्सूल जपून
आपण डाळ-भाजीत रोज चिमूटभर हळद घालतो. तिच्यातला मुख्य गुणकारी घटक कर्क्युमिन. तो हळदीत साधारण ३ टक्केच असतो आणि अंगीही कमीच लागतो. तेल आणि मिरे सोबत असले तर जास्त लागतो. बाजारातल्या कॅप्सूलमध्ये मात्र तो कितीतरी पट असतो. त्याने गुडघेदुखीत काहींना थोडा आराम पडतो. पण काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नये. कॅप्सूल घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठावा. आणि हळदीच्या भरवशावर साखरेची किंवा टीबीची गोळी आपण कधीच बंद करू नये.