अर्धशिशी, कुलागत अर्धांगघाती

अर्धशिशीच्या झटक्याबरोबर शरीराच्या एका बाजूस तात्पुरता लुळेपणा आणणारी आणि एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळणारी विरळ विकृती. सामान्य अर्धशिशीचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘अर्धावभेदक’ या नावाने आलेले आहे. प्रस्तुत विकृतीत मात्र डोकेदुखीपेक्षा बुद्धिव्यापारातील बिघाडच नातेवाईकांना अधिक घाबरवितो.

प्रथम डोळ्यांपुढे तेजोरेषा दिसतात, हाताला मुंग्या येतात व मग तो लुळा पडतो. शब्द आठवत नाहीत, गुंगी किंवा भ्रम होतो. क्वचित बेशुद्धीही येते. बहुधा काही तासांत, पण कधीकधी कित्येक दिवसांनी, रुग्ण पूर्ववत होतो. मेंदूच्या बाह्यकावरून मिनिटाला सु. ३ मिमी. वेगाने सरकणारी व मागे निष्क्रियता ठेवणारी लाट (लेआओ, १९४४) हे याचे कारण मानतात. म्हणूनच लक्षणे क्रमाक्रमाने पसरतात. पक्षाघाताप्रमाणे एकदम येत नाहीत.

सीएसीएनए१ए (१९९६), एटीपी१ए२ (२००३) व एससीएन१ए (२००५) या जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे तंत्रिका कोशिकांतील आयनांची ये-जा बिघडते. पहिल्या प्रकारात काही रुग्णांचे निमस्तिष्क क्षीण होऊन तोल जातो. काही मुलांत बौद्धिक विकासही मागे पडतो. बहुतेकांची बुद्धी मात्र झटक्यांच्या मधल्या काळात शाबूत असते. नॉच३ जनुकामुळे होणाऱ्या कॅडॅसिल या रोहिणीविकृतीचे तसे नाही. तीतही अर्धशिशी आढळते. पण विचारांचा वेग व नियोजनशक्ती आधी मंदावते, स्मृती तुलनेने टिकते आणि पुढे अवमनस्कता येऊ शकते.

निदानाचा मुख्य आधार कुलवृत्तांत होय, आणि बीड जिल्ह्यात तोच जुळविणे कठीण असते. येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी दरवर्षी कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात असतात. आजोबांचा, बापाचा व मुलाचा झटका वेगवेगळ्या गावचे डॉक्टर पाहतात. एकाला अपस्मार म्हटले जाते, दुसऱ्याला अर्धांगवायू, तिसऱ्याला बाहेरची बाधा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या वा अन्य रुग्णालयात नेताना हा घरचा इतिहास आपण होऊन सांगणे इष्ट. मामे-आते विवाहाला येथे दोष देणे चुकीचे आहे. विकृती प्रभावी असल्याने एका पालकाकडून आलेले जनुक पुरते व प्रत्येक अपत्याला ते मिळण्याचा संभव निम्मा असतो.

फ्लुनॅरिझीन, व्हेरापामिल किंवा ॲसिटाझोलामाइड यांचा काहींना उपयोग होतो. ट्रिप्टान वर्गाची औषधे सामान्यतः टाळतात. पहिल्या प्रकारात डोक्याला लागलेल्या किरकोळ माराने मेंदूला सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. अशा मुलाला मार लागल्यास, ते खेळत असले तरी, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.