खाली, आणखी खाली

१२ नोव्हेंबर १९४०ची रात्र. जर्मनीतल्या कोलोनवर ब्रिटिश हवाई दलाचं एक व्हिटली बाँबफेकी विमान लक्ष्याकडे निघालं होतं. आत पाच जण. वैमानिक लेनर्ड चेशायर २३ वर्षांचा, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेला. तोफेचा गोळा विमानाच्या नाकापुढे फुटला आणि पाठोपाठ विमानाच्या पोटात दुसरा स्फोट झाला. जमिनीवर उजेड पाडायला नेलेलं फ्लेअर आतच पेटलं होतं. डाव्या बाजूला भलंमोठं भगदाड पडलं, धुराचे लोट उठले आणि विमान भराभर खाली जाऊ लागलं. रेडिओ ऑपरेटर डेव्हिडसनचा चेहरा होरपळून निघाला होता. तशाही अवस्थेत तो आपल्या यंत्रापाशी जाऊन बसला. चेशायरने विमान सावरलं, बाकीच्यांनी आग विझवली आणि उघड्या पोटाच्या त्या विमानातून, बोचऱ्या वाऱ्यात, सगळे इंग्लंडला परतले. एकूण साडेआठ तास ते हवेत होते.

एवढा जीव धोक्यात घालून टाकलेले बाँब पडत कुठे होते? ऑगस्ट १९४१मध्ये सरकारच्या हाती आलेल्या बट अहवालाने उत्तर दिलं. लक्ष्यावर मारा केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक-तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. अंधारात कारखाना सापडत नाही म्हटल्यावर पुढच्या वर्षी अख्खी शहरंच लक्ष्य ठरली. त्या निर्णयाची किंमत लाखो सामान्य माणसांनी मोजली, आणि ती विमानं नेणाऱ्या मुलांनीही. ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडमधल्या विमानांतून लढणाऱ्या सुमारे सव्वा लाख जणांपैकी ५५,५७३ जण मारले गेले.

हॅलिफॅक्स किंवा लँकेस्टर या चार इंजिनांच्या विमानात सात माणसं असत, पण वैमानिक एकच. त्याला गोळी लागली तर जागा घेणारा दुसरा प्रशिक्षित वैमानिक नसे. सर्वांत जीवघेणा टप्पा लक्ष्यावरचा. एरवी शत्रूचं लढाऊ विमान मागे लागलं की वळसे घेत, खालीवर होत त्याला चुकवता येई. बाँब टाकताना मात्र विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर ठेवावं लागे. बाँब सुटल्यावरही सुटका नव्हती. तो कुठे पडला याचा फोटो निघेपर्यंत, सर्चलाइटच्या झोतांत आणि तोफांच्या माऱ्यात, तसंच पुढे जावं लागे. अशा ३० मोहिमा झाल्या की एक फेरी पूर्ण. चेशायरने चार फेऱ्या मिळून १०० मोहिमा केल्या. त्याचा धाकटा भाऊ क्रिस्टोफरही बाँबर वैमानिक होता. १९४१मध्ये त्याचं विमान पडलं आणि तो युद्धकैदी झाला.

७६व्या स्क्वाड्रनचा प्रमुख असताना चेशायरने हॅलिफॅक्सच्या नाकावरचा आणि पाठीवरचा बंदुकीचा घुमट काढून टाकायला लावला. वजन घटलं, विमान चपळ झालं. तळावरच्या मेकॅनिकांना नावाने हाक मारणारा हा अधिकारी भीतीने खचलेल्यांच्या बाबतीत मात्र निर्दय होता. त्यांना तो तत्काळ स्क्वाड्रनमधून हलवायचा. त्याची थोरवी सांगताना हे लपवू नये.

२५व्या वर्षी तो ग्रुप कॅप्टन झाला, पण हुद्दा एक पायरी उतरवून घेत नोव्हेंबर १९४३मध्ये त्याने ६१७ स्क्वाड्रनची सूत्रं घेतली. इथून त्याचं खरं काम सुरू झालं. लक्ष्य अचूक हवं असेल तर कुणीतरी खाली उतरून ते दाखवलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ८ फेब्रुवारी १९४४च्या रात्री फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यावर १२ लँकेस्टर विमानं गेली. कारखाना जर्मनांसाठी चालत होता, पण रात्रपाळीला फ्रेंच बायका होत्या. चेशायरने ते अजस्र विमान कारखान्याच्या छपरावरून पुन्हा पुन्हा नेलं. इशारा ओळखून कामगार बाहेर पळाले. मग पुढच्या खेपेला त्याने तितक्याच खालून खुणेचे अग्निबाँब टाकले आणि मागच्यांनी नेमका कारखाना उडवला. शत्रूच्या मुलखात, आपल्याच हाताने सावध केलेल्या लक्ष्यावर पुन्हा फिरून जाणं म्हणजे काय, हे कोलोनच्या त्या रात्रीनंतर त्याला कुणी सांगायला नको होतं.

पुढे मोठं विमान या कामाला अवजड पडतं म्हणून त्याने हलकं मॉस्किटो विमान घेतलं. एप्रिलमध्ये म्युनिकवर ७०० फुटांपर्यंत सूर मारून त्याने खुणा टाकल्या. जूनमध्ये अमेरिकनांकडून एकआसनी मस्टँग मिळालं. ते त्याने आधी कधीच चालवलं नव्हतं. पहिलं उड्डाण केलं ते थेट फ्रान्समधल्या सिराकूरच्या, जर्मनांच्या व्ही-१ या उडत्या बाँबच्या तळावर हल्ल्यासाठी. सप्टेंबरमध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान जाहीर झाला, कुठल्या एका पराक्रमासाठी नव्हे, तर चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी.

९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून चेशायर एका अमेरिकन विमानात होता. ठरलेल्या ठिकाणी इतर विमानांशी गाठ चुकल्याने त्याने तो ढग दुरूनच पाहिला. त्या दृश्याने पश्चात्ताप होऊन तो सेवेकडे वळला, अशी सोपी कथा सांगितली जाते. ती पटत नाही. बाँबमुळे युद्ध लवकर संपलं, हे मत त्याने पुढेही सोडलं नाही. शिवाय खाली कोण आहे हे पाहण्याची सवय त्याला लिमोजलाच लागली होती.

१९४८मध्ये हॅम्पशरमधल्या त्याच्या घरी आर्थर डाइक्स हा कॅन्सरचा रुग्ण आला. रुग्णालयाला त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि जायला त्याला दुसरी जागा नव्हती. चेशायरने स्वतः त्याची शुश्रूषा केली. त्यातून अपंग आणि असाध्य रुग्णांसाठी घरं उभी राहत गेली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर तो मुंबईत आला आणि अंधेरीला, महाकाली गुंफांच्या रस्त्यावर, भारतातलं पहिलं चेशायर होम सुरू झालं. ५ एप्रिल १९५९ला मुंबईच्याच कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्याने स्यू रायडरशी लग्न केलं. युद्धात पोलिश हस्तकांबरोबर काम केलेली स्यू तोवर युरोपातल्या युद्धपीडितांसाठी झटत होती. दोघांनी मिळून डेहराडूनला ‘राफेल’ उभारलं, कुष्ठरुग्णांसाठी आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी.