टेप घ्या, कॉलेज मोजा!

रॅम्प बांधला म्हणजे कॉलेज सगळ्यांसाठी खुलं झालं, असं होत नाही. मग ते खरंच खुलं आहे का, हे कसं ओळखायचं? मोजून!

सकाळी आठचं लेक्चर. तुम्ही धावतपळत गेटमधून शिरता, दोन-दोन पायऱ्या एकदम चढता आणि हजेरी संपायच्या आत वर्गात पोचता. वाटेत किती पायऱ्या होत्या? नाही ना आठवत? मलाही कधी आठवल्या नव्हत्या. आमच्या वर्गात व्हीलचेअर वापरणारी एक मैत्रीण होती. तिला मात्र कॉलेजची एकेक पायरी पाठ होती. ऑफिसला दोन, कँटीनला तीन, लायब्ररीला पाच.

आणखी एक गोष्ट. कॉलेजात असेपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. दिव्यांगांसाठीचं टॉयलेट होतं. पण त्याला कुलूप, आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या. मग पाणीच न पिणं सोपं. हे मला कळलं थेट तिसऱ्या वर्षाला. दोन वर्षं शेजारी बसून!

‘पण आपल्याकडे रॅम्प आहे की,’ असं मी म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, ‘उद्या टेप घेऊन ये.’

आकडे बोलतात

कँटीनच्या तीन पायऱ्यांची मिळून उंची भरली ४५ सेंटिमीटर. रॅम्पचं प्रमाण असतं १:१२, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. त्या हिशेबाने ४५ सेंटिमीटरला हवा ५ मीटर ४० सेंटिमीटरचा रॅम्प. आमचा भरला जेमतेम दोन मीटर! त्याला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात. मागून ढकलायला दोघं असल्याशिवाय ती तिथून चढूच शकत नव्हती, आणि उतरताना तर जीव मुठीत. कागदावर मात्र ‘रॅम्प : आहे’.

‘आहे की नाही’ विचारलं की उत्तर ‘आहे’ येतं. ‘किती’ विचारलं की खरं कळतं.

तुम्हीही करून बघा

तज्ज्ञ लोक याला ॲक्सेस ऑडिट म्हणतात. रीतसर ऑडिट त्यांचंच काम. पण सुरुवात आपणही करू शकतो. एक टेप, मोबाइल आणि वही पुरे.

• रॅम्प : मोबाइलचं लेव्हल ॲप रॅम्पवर ठेवा. पाच अंशांच्या वर आकडा गेला, तर चढ जास्त आहे. दोन्ही बाजूंना कठडा आहे का, तेही बघा.
• दार : उघडल्यावर मोकळी जागा ९० सेंटिमीटर हवी. उंबरा असेल तर नोंदवा.
• टॉयलेट : आत व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. आणि हो, कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे?
• लिफ्ट : बटणांवर ब्रेल आहे का? मजला बोलून सांगते का? पूर्ण दिवस सुरू असते का?
• जमीन : उभ्या रेषांच्या टाइल्स म्हणजे ‘चालत राहा’, ठिपक्यांच्या म्हणजे ‘सावध’. १९६७ मध्ये जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या पहिल्यांदा रस्त्यावर आणल्या. आपल्याकडे त्या कधीकधी थेट कुंडीवर नाहीतर खांबावर जाऊन थांबतात!
• सूचना : परीक्षेचा वर्ग बदलल्याचं फक्त माइकवर सांगितलं, तर ऐकू न येणाऱ्याला कसं कळणार? फक्त बोर्डावर लावलं, तर न दिसणाऱ्याला?

शेवटी गेटपासून बाकापर्यंतचा अख्खा रस्ता एका दमात तपासा. नऊ गोष्टी ठीक आणि दहाव्या ठिकाणी एकच पायरी, तरी माणूस बाहेरच राहतो. आणि हे सगळं दिव्यांग विद्यार्थ्यांना सोबत घेऊनच करा. कुठे अडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

ही मेहरबानी नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारत, सरकारी असो की खासगी, सार्वजनिक इमारतच ठरते. जुन्या इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत केव्हाच उलटली. मापं ठरलेली होती. पण नियमांत ती नुसती शिफारस बनून राहिली होती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे कायद्याशी विसंगत ठरवलं आणि केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं.

तेव्हा तुमची यादी फोटोंसकट प्राचार्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. यादीचे दोन भाग करा : पैसे लागणारी कामं आणि फुकटात होणारी. कुलूप काढणं, कुंड्या हलवणं, लेक्चर तळमजल्यावर घेणं याला कुठलं टेंडर लागतं? काहीच हललं नाही, तर पुण्यात राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

आमचं काय झालं? रॅम्प अजून तसाच आहे, ‘निधी आला की बघू’. पण आमच्या वर्गाची लेक्चर्स तळमजल्यावर आली आणि आठवडाभरात टॉयलेटमधल्या खुर्च्या हलल्या, कुलूप निघालं. शेवटच्या सेमिस्टरला मैत्रीण पाण्याची बाटली घेऊन येऊ लागली.

तुमच्या वर्गात कोण पाणी पीत नाही, बघितलंय कधी?