प्रत्यक्षाची साक्ष

अर्वाचीन विज्ञानाचा इतिहास सांगूं लागलें कीं कोपर्निकस, व्हेसालियस, गॅलिलिओ, बेकन हीं नांवें ओघानेंच येतात. इ. स. १५४३ या एकाच वर्षीं कोपर्निकसाच्या ग्रंथानें पृथ्वीला विश्वाच्या मध्यावरून हलविलें आणि व्हेसालियसाच्या ग्रंथानें शवविच्छेदनाच्या आधारें मानवी शरीराचें नवें वर्णन दिलें. परंतु ज्या वृत्तींतून हें घडलें ती केवळ युरोपांतच वाढली असें नाहीं. तिचा एक ठळक आविष्कार आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यांत झाला.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला. त्यानें गोव्यांत वैद्यकी केली आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले; मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें. तेथील आपल्या एका आंब्याला वर्षांतून दोनदां फळ येतें, हेंही त्यानें नोंदवून ठेविलें आहे. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांतच छापला गेला.

या संवादांत रुआनो नांवाचा पंडित डायोस्कोरिडिस व गॅलन यांचीं वचनें प्रमाण म्हणून पुढें करतो. ऑर्ता त्याला प्रत्यक्ष फळाकडे व पानाकडे नेतो. चिंचेचेंच उदाहरण घ्यावें. तिच्या अरबी नांवाचा अर्थ ‘हिंदुस्थानचा खजूर’ असा होतो. तेवढ्यावरून कित्येक ग्रंथकारांनीं चिंच हें ताडामाडाच्या जातीचें फळ ठरविलें होतें. ज्याच्या दारांत चिंच आहे त्याला या समजुतीचें हसूं येईल. पण झाड न पाहतां नांवावरून निर्णय केला म्हणजे विद्वानाचीही अशी फसगत होते. मिरी आणि पिंपळी एकाच झाडाचीं फळें होत, हें प्राचीनांचें मतही ऑर्तानें खोडून काढलें.

मात्र पांढरी व काळी मिरी निरनिराळ्या वेलींचीं, असें त्यानें लिहिलें, तें चूक होतें. एकाच वेलीचीं कच्चीं फळें सालीसकट वाळविलीं कीं काळी मिरी होते, पक्व फळांची साल काढली कीं पांढरी. गॅलनाला जी कसोटी ऑर्तानें लाविली, तीच ऑर्तालाही लागूं झाली. व्यक्ति कितीही थोर असली तरी अखेरचा शब्द वस्तूचा, हेंच या विचाराचें मर्म होय.

क्लुसियसानें १५६७ मध्यें या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि तो युरोपभर गेला. ग्रंथकाराच्या घराण्याचें दैव मात्र निराळें होतें. ऑर्ताचें कुळ मूळचें ज्यू. गोव्यांत १५६० मध्यें धर्मन्यायालय स्थापन झालें. १५६८ मध्यें ऑर्ता वारला. पुढच्याच वर्षीं त्याच्या बहिणीला जाळण्यांत आलें, आणि १५८० मध्यें त्याच्याही अस्थि उकरून जाळण्यांत आल्या. ही शिक्षा त्याच्या वनस्पतिशास्त्राबद्दल नव्हती. गुप्तपणें ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाबद्दल होती. पण पान उघडें करून पाहणाऱ्या त्या काळांत मनें मात्र झांकून ठेवावीं लागत, हें त्यावरून दिसतें.

पुढें १६२० मध्यें बेकननें निरीक्षणाच्या या वृत्तीला शास्त्राची घडी बसवून दिली. कोमेनियसानें तिला शिक्षणांत आणलें: ज्ञानाचा आरंभ इंद्रियांपासून व्हावा, शब्द वस्तूच्या मागून यावा. तोच धागा मारिया माँतेसरींच्या बालशिक्षणांत आढळतो, आणि तेथून तो ठाणें जिल्ह्याच्या डोंगराळ टोकापर्यंत पोंचला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें सुरू केलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ मध्यें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हा भाग आतां पालघर जिल्ह्यांत मोडतो. परदेशी महाग साधनांच्या जागीं तेथें पानें, बिया, खडे, शिंपले आले. वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा त्यांच्या अंगणांत आणि गुरें चरतात त्या कुरणांत गेली.

जें मूल चिंचोके हातांत घेऊन मोजतें, त्याला चिंच ताडाला लागते असें कोणताही ग्रंथ पटवूं शकणार नाहीं.