लोड टेस्टमध्ये क्यूचं कनेक्शन काहून तुटते?

अमरावती-अकोल्याच्या प्रोजेक्टवाल्या पोट्ट्यांनो, हे सेव्ह करून ठेवा. पाच थ्रेडवर सगळं झकास. पाचशेवर गेलं की रॅबिटएमक्यू या मेसेज ब्रोकरची कनेक्शनं पटापट गळतात. नेटवर्कला शिव्या देण्याआधी ब्रोकरचा लॉग उघडा. कारण बहुतेकदा तिथंच सापडतं.

▪ '505 अनएक्स्पेक्टेड फ्रेम': एकच चॅनल अनेक थ्रेड वापरताहेत. दोन मेसेजच्या फ्रेम एकमेकींत घुसतात आणि ब्रोकर अख्खं कनेक्शनच बंद करतो. जावात कनेक्शन सामायिक चालतं. चॅनल मात्र प्रत्येक थ्रेडला वेगळा द्या.

▪ 'मिस्ड हार्टबीट्स': डिफॉल्ट मुदत 60 सेकंद. पायथनच्या 'पिका' लायब्ररीमध्ये ब्लॉकिंग कनेक्शन वापरून कॉलबॅकमध्येच जड काम केलं, तर हार्टबीट जातच नाही. ते काम वेगळ्या थ्रेडवर टाका. हार्टबीट बंद करू नका.

▪ नवी कनेक्शनं नाकारली जातात: प्रत्येक कनेक्शन एक फाइल डिस्क्रिप्टर खातं. बऱ्याच लिनक्सवर मर्यादा 1024 असते. युलिमिट तपासा. प्रत्येक मेसेजला नवं कनेक्शन उघडायची सवयही सोडा.

▪ मेमरी अलार्म: इथं कनेक्शन तुटलेलं नसतं, ब्रोकरनं पाठवणाऱ्याला थोपवलेलं असतं. सीझनला जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्या थांबतात, तसं. कन्झ्युमर वाढवा.



आणि हो, लोड एकदम लादू नका. 50, 100, 200 असा चढवा; कुठल्या आकड्यावर बिनसलं ते लगेच कळतं.