'ऊर्फ'चा माग

कॅनडातल्या क्वेबेक शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर लेव्ही नावाचं गाव आहे. तिथल्या अल्फाँस देजार्दँ यांनी १९०० साली सामान्य लोकांसाठी पतपेढी काढली आणि पुढे ते आडनाव क्वेबेक प्रांतभर घरोघरी पोचलं. पण १८५४ साली जन्मलेल्या अल्फाँस यांच्या वडिलांची नोंद सापडते ती 'फ्राँस्वा र्वा दि देजार्दँ' अशी, आणि आईची 'क्लारिस मिव्हिल दि देशेन' अशी. हा 'दि' म्हणजे आपल्या कोर्टकचेरीच्या कागदांतला 'ऊर्फ'. फ्रेंच कॅनडातले पूर्वज शोधणारा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच.

या 'ऊर्फ'चं एक मोठं उगमस्थान म्हणजे सैन्य. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटणीचे हजाराहून अधिक शिपाई नव्या फ्रान्समध्ये, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत, उतरले. एकेका तुकडीत पिएर आणि जाँ ढिगाने, म्हणून प्रत्येकाला लढाईतलं वेगळं नाव असे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, जोलिकर म्हणजे दिलदार. त्यातले सुमारे ४०० जण मोहीम संपल्यावर तिथेच राहिले. तलवार सुटली, जंगल तोडून शेती सुरू झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे एका भावाची मुलं मूळ आडनाव लावत, दुसऱ्याची 'ऊर्फ'नंतरचं, आणि दोन पिढ्यांत चुलतभाऊ कागदावर परके होत.

अल्फाँस यांचा मूळपुरुष आंत्वान र्वा याच पलटणीतला. त्याने १६६८ साली मारी माजॉरशी लग्न केलं. वसाहतीत बायका फार थोड्या, म्हणून १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजाच्या खर्चाने सुमारे ८०० मुली फ्रान्सहून पाठवल्या गेल्या. 'राजाच्या लेकी' म्हणून इतिहासात राहिलेल्या त्या मुलींपैकी मारी एक. १६८४ साली आंत्वानचा खून झाला. त्याचा वंश पुढे गेला तो पिएर या एकाच मुलाकडून.

या सगळ्या धांडोळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती बायकांची नोंद. पुरुषाचं आडनाव पिढीगणिक घसरत जातं. मारी माजॉर मात्र लग्नाच्या, बाळंतपणाच्या, मरणाच्या नोंदीत मारी माजॉरच राहते. पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही नोंदींत बाईचं जन्माचं आडनाव लिहीत. लग्नाच्या नोंदीत बहुधा दोन्हीकडच्या आईबापांची नावं असत, तीही आयांच्या माहेरच्या आडनावांसकट. आपल्याकडचे कुलवृत्तांत चाळताना हे फार आठवतं. तिथे सून येते ती सासरच्या नव्या नावाने, आणि तिचं माहेर पुष्कळदा एका ओळीतही उरत नाही.

पाळण्यातल्या नावांचाही गुंता आहेच. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात पुढे जोसेफ, मुलीच्या मारी, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि हाक मारायचं नाव शेवटी. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव देत. त्यामुळे एका घरात एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या, तर आधी दफनाची वही पाहावी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाखो लोक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले, आणि तिथे आडनावांची भाषांतरं झाली. र्वा म्हणजे राजा, म्हणून 'किंग'. ब्वाव्हेर म्हणजे हिरवं रान, म्हणून 'ग्रीनवुड'. आज अमेरिकेतला एखादा किंग आपलं मूळ शोधत निघतो तेव्हा त्याला आधी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये, मग 'ऊर्फ' ओलांडून उलटं चालावं लागतं. त्याच्या हाताशी असतो पाद्री सिप्रिएँ तांगे यांचा वंशावळींचा सात खंडांचा कोश. तो १८७१ ते १८९० या काळात छापला गेला. पुढे १९६६ साली माँत्रेयाल विद्यापीठात जुन्या नोंदी एकत्र जोडण्याचं काम सुरू झालं.

बायकांच्या आडनावाचं म्हणाल, तर मधल्या काळात चारचौघांत बाई नवऱ्याच्या आडनावाची 'मादाम' झाली. १९८१ साली क्वेबेकच्या कायद्याने लग्नानंतरही जन्माचंच नाव कायम केलं. चर्चच्या वहीत ते तीनशे वर्षं तसंच लिहिलं जात होतं.