गंड्रन आधी भेटायला हवा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या २०१४ सालच्या स्टार्टर सेटमध्ये 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाची एक मोहीम आहे. तिच्या मुळाशी गंड्रन रॉकसीकर हा ड्वॉर्फ आहे. त्याने आणि त्याच्या दोन भावांनी शेकडो वर्षं हरवलेली एक खाण शोधून काढली आहे आणि ती बातमी त्याने पोटात ठेवली आहे. खेळाडूंना तो एक साधं काम देतो: नेव्हरविंटर शहरातून सामानाने भरलेली बैलगाडी फँडलिन गावी बार्थेनच्या दुकानात पोचवा, माणशी दहा सोन्याची नाणी मिळतील. स्वतः तो सिल्डर हॉलविंटर या योद्ध्याला सोबत घेऊन घोड्यावरून पुढे निघून जातो.

हे सगळं खेळ सुरू होण्याआधी घडून गेलेलं असतं. पुस्तकात ते निवेदनाच्या एका परिच्छेदात येतं. प्रत्यक्ष खेळ सुरू होतो तेव्हा खेळाडू वाटेवर असतात आणि समोर दोन घोडे मरून पडलेले असतात, अंगात काळ्या पिसांचे बाण. घोडे गंड्रनचे आणि सिल्डरचे. इथे खेळाडूंच्या पोटात गोळा यायला हवा. पण कुणासाठी? ज्याचं नाव दहा मिनिटांपूर्वी कानावर पडलं आणि ज्याच्याशी एका शब्दाचंही बोलणं झालेलं नाही, त्याच्यासाठी?

ही मोहीम मी अनेक गटांना खेळवली आहे. टेबलाच्या एका बाजूला चार-पाच खेळाडू, प्रत्येकाकडे स्वतःचं एक पात्र. दुसऱ्या बाजूला डंजन मास्टर, म्हणजे डीएम, ज्याच्याकडे उरलेलं सगळं जग. वाण्यापासून राजापर्यंत, गॉब्लिनपासून गावच्या पोरापर्यंत, खेळाडूंच्या हातात नसलेलं प्रत्येक पात्र डीएमने बोलायचं. अशा पात्रांना आम्ही एनपीसी म्हणतो. डीएमच्या कामातला नकाशांचा भाग लोकांना दिसतो, राक्षसांचा दिसतो. ज्यावर मोहीम उभी राहते किंवा कोसळते तो भाग मात्र हा आहे: पुढे जो माणूस महत्त्वाचा ठरणार आहे, त्याला तो महत्त्वाचा ठरण्याच्या बराच आधी टेबलावर आणणं.

म्हणून मी घड्याळ थोडं मागे नेतो. माझा खेळ नेव्हरविंटरच्या एका आवारात, गाडी भरली जात असताना सुरू होतो. गाडीत काय आहे ते पुस्तकात दिलेलंच आहे: पिठाची डझनभर पोती, खारवलेल्या मांसाची पिंपं, कडक बिअरचे दोन बुधले, फावडी, कुदळी, पहारी, पाच कंदील आणि तेल. मी खेळाडूंना ही यादी वाचून दाखवत नाही. गंड्रन त्यांच्याकडून गाडी भरून घेतो. एकाच्या हातात कंदील देतो. दुसरीला म्हणतो, "अगं, ते पोतं खालून धर, फाटलंय." तिसऱ्याने आगाऊ पैसे मागितले तर घासाघीस करतो आणि शेवटी खिशातून दोन नाणी काढून देतो. फासा कुणीच टाकत नाही. वीसेक मिनिटांत गंड्रन या लोकांशी भांडलेला असतो, त्यांनी त्याचं ओझं उचललेलं असतं, आणि कुणीतरी विचारलेलंच असतं की एका किराणा गाडीसाठी एवढी घाई कसली. त्यावर तो हसतो आणि म्हणतो, "फँडलिनला या, मग सांगतो."

या वीस मिनिटांत एक मोह आवरावा लागतो. डीएमला गंड्रनचं सगळं माहीत असतं: भाऊ, खाण, नकाशा, मागावर असलेला शत्रू. ते सांगून टाकावंसं फार वाटतं. पण टेबलावर माहिती टिकत नाही. कादंबरीचा वाचक पान मागे उलटतो. इथे दोन सेशनांच्या मध्ये पंधरा दिवस जातात, त्यात नोकरी असते, पोरांच्या परीक्षा असतात, कुणाच्या घरी लग्न असतं. पंधरा दिवसांनी मी विचारतो, "मागच्या वेळी काय झालं होतं?" तेव्हा जे परत येतं ते मी वर्षानुवर्षं टिपत आलो आहे. वर्णन येत नाही. घराण्याचा इतिहास तर नाहीच. येतं ते असं: "तो दाढीवाला, ज्याने मला दोनच नाणी दिली." देणंघेणं लक्षात राहतं, भांडण लक्षात राहतं, कुणी केलेली मदत लक्षात राहते. नाव नंतर त्याला येऊन चिकटतं. त्यामुळे तयारी करताना एनपीसीच्या नावापुढे मी त्याचं चरित्र लिहीत नाही. तो खेळाडूंकडून काय मागेल आणि त्यांना काय देईल, एवढंच लिहितो.

सिल्डर त्याच आवारात पायरीवर बसून खोगिराचा पट्टा शिवत असतो. तो फारसा बोलत नाही. खेळाडूंपैकी जो सर्वांत नवखा योद्धा आहे, त्याच्या तलवारीकडे बघतो आणि म्यान कुठे बांधावं ते सांगतो. एवढंच त्याचं काम. गंड्रन सगळ्यांना अरे-अगं करतो, सिल्डर मात्र सर्वात लहान पात्रालाही "आपण" म्हणतो. आवाज बदलण्याची कला सगळ्यांकडे नसते, माझ्याकडेही बेताचीच आहे. पण मराठीतून खेळवणाऱ्या डीएमला ही सोय आयती मिळालेली आहे. मी तोंड उघडून "आपण" म्हटलं की कोण बोलतंय हे टेबलाला कळतं. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये एनपीसींच्या लकबी, रूप, गुण फासा टाकून ठरवण्याचे तक्ते आहेत. ते उपयोगी आहेत, पण माझ्या अनुभवात एका पात्राला एक लकब पुरते. दोन दिल्या की डीएमच्याच डोक्यात गोंधळ होतो.

मग वाट, मेलेले घोडे, गॉब्लिनांचा हल्ला आणि त्यांच्या गुहेचा माग. गुहेत सिल्डर बांधलेला सापडतो. यीमिक नावाचा गॉब्लिन त्याला कड्याच्या टोकाशी धरून धमकावतो: आमच्या म्होरक्याला, क्लार्गला, मारा, नाहीतर याला खाली ढकलतो. पुस्तकाप्रमाणे खेळलं तर हा एक अनोळखी कैदी असतो आणि खेळाडू हिशेब करू लागतात की याला सोडवून आपल्याला काय मिळेल. आवारातल्या वीस मिनिटांनंतर तोच प्रसंग वेगळा चालतो. म्यान बांधायला शिकलेला खेळाडू खुर्चीत पुढे सरकतो. मी हे जवळजवळ प्रत्येक गटात पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझा श्वास थोडा अडकतो, कारण आता फासा पडणार असतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. सिल्डर मरूही शकतो.

तो मेला तर काय, हा प्रश्न डीएमने आधीच सोडवून ठेवलेला बरा. पात्र लवकर आणायचं म्हणजे ते लवकर गमावण्याचीही तयारी ठेवायची. सिल्डरकडे दोन गोष्टी असतात: गंड्रनला गॉब्लिनांच्या किल्ल्यावर नेल्याची खबर आणि इयार्नो नावाच्या बेपत्ता मित्राचा शोध. या दोन्ही गोष्टी मी आणखी कुठेतरी पेरून ठेवतो: त्याच्या पिशवीतल्या पत्रात, पकडलेल्या गॉब्लिनच्या तोंडी. जस्टिन अलेक्झांडर या लेखकाने २००८ साली एक नियम मांडला होता की ज्या निष्कर्षाशी खेळाडूंनी पोचायला हवं, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे ठेवावेत. तो नियम रहस्यकथांसाठी होता. माणसांनाही तो लागू पडतो. गोष्ट एका जिवावर टांगलेली असली की डीएम फाशांशी लबाडी करू लागतो, त्या जिवाला मरू देत नाही, आणि खेळाडूंना ते कळतंच.

फँडलिन गाव हे खरं अवघड वळण. तिथे पोचल्याबरोबर पुस्तक एकदम माणसांचा लोंढा सोडतं: खानावळवाला टोब्लेन, दुकानदार बार्थेन, खाणवाल्यांच्या पेढीची हालिया, सिस्टर गारेल, गावप्रमुख हार्बिन वेस्टर, शेतकरीण केलीन आल्डरलीफ, आणखी काही. प्रत्येकाकडे एक काम, प्रत्येकाकडे एक बातमी. दोन तासांत एवढे सगळे भेटले की खेळाडूंच्या वहीत फक्त यादी उरते. उपाय गावात नाही, गावाच्या आधीच्या वाटेवर आहे. गाडीतल्या पोत्यांवर बार्थेनचं नाव असतं, म्हणून ते ओळखीचं झालेलं असतं. सोबतच्या तयार पात्रांमध्ये एक हाफलिंग चोर आहे आणि केलीन ही त्याची मावशी, तर पहिल्याच मुक्कामात, शेकोटीपाशी, मी त्या खेळाडूला विचारतो, "मावशीकडे शेवटचा कधी गेला होतास? तेव्हा तिने जेवायला काय वाढलं होतं?" उत्तर त्याचं तो देतो. तिथून पुढे ती मावशी माझी राहत नाही, त्याची होते, आणि टेबलावरचे बाकीचे चारजण तिला भेटायला उत्सुक असतात. जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ च्या खेळात हीच गोष्ट नियमात बसवली आहे: पात्र तयार करतानाच प्रत्येक खेळाडू यादीतून एक जवळचा मित्र आणि एक वैरी निवडतो. पहिला फासा पडायच्या आधीच शहरात ओळखीचे चेहरे असतात. मला ही पद्धत इतकी पटली की आता कुठलाही खेळ असो, मी हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सुरुवात करत नाही.

खलनायकाचं काय? त्याला शेवटपर्यंत झाकून ठेवावं असा एक समज आहे. मला तो चुकीचा वाटतो, आणि माझ्या बाजूने बोलणारं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे स्ट्राड. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी १९८३ साली 'रेवनलॉफ्ट'मध्ये हा रक्तपिपासू सरदार आणला, आणि २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'ने त्याच्याभोवती पूर्ण मोहीम रचली. त्यात तो गढीत बसून वाट पाहत नाही. तो वाटेत भेटतो, खेळाडूंना न्याहाळतो, त्यांना आपल्या गढीत जेवायचं आमंत्रण पाठवतो. त्याच मोहिमेत जिप्सीसारख्या भटक्या विस्तानींची मादाम एवा पत्ते मांडून भविष्य सांगते, आणि त्यातला एक पत्ता खेळाडूंना साथ देणारा माणूस कोण हे सुचवतो. म्हणजे माणूस भेटण्याआधी त्याची चाहूल लागते. सगळा गट मग भेटेल त्या प्रत्येकाकडे "हाच का तो?" अशा नजरेने बघत फिरतो. कुणाला आधी आणायचं म्हणजे दरवेळी तो स्वतःच आला पाहिजे असं नाही, हे मी त्या पत्त्यांवरून शिकलो.

इतकी आखणी करूनही कोण महत्त्वाचं हे शेवटी खेळाडू ठरवतात, आणि या कामातला मला सर्वात प्रिय भाग हाच आहे. एका गटाने पहिल्या हल्ल्यातला एक गॉब्लिन जिवंत पकडला. पुस्तकात त्याला नाव नाही. एका मैत्रिणीने त्याला भाकरी दिली आणि विचारलं, "तुझं नाव काय?" व्हिन्सेंट बेकरच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये खेळवणाऱ्याला दिलेली एक शिकवण आहे: प्रत्येकाला नाव द्या, प्रत्येकाला माणूस करा. म्हणून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर बिनवापरलेल्या नावांची यादी कायम असते. त्यातलं एक त्याला मिळालं. त्या रात्री घरी बसून मी पुढच्या मोहिमेतली काही कामं इतर पात्रांकडून काढून त्याच्याकडे दिली. किल्ल्याची वाट आता तो दाखवणार होता, तिथल्या राजा ग्रोलची भीती त्याच्या डोळ्यांतून दिसणार होती. ज्याच्यावर खेळाडूंनी आधीच जीव लावला आहे, त्याच्या खांद्यावर गोष्टीचं ओझं द्यावं. ज्याच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यासाठी पुन्हा नवा प्रवेश लिहीत बसू नये.

इयार्नोचा धागा मात्र मी कधीच सोडत नाही. गुहेतून सुटलेला सिल्डर वाटेत सांगतो की त्याचा एक मित्र, इयार्नो अल्ब्रेक, दोन महिन्यांपूर्वी फँडलिनला कायदा-सुव्यवस्था उभी करायला म्हणून गेला आणि तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. पुस्तकात हे दोन वाक्यांत संपतं. मी ते पुरवून पुरवून वापरतो: सिल्डर जेवताना त्याची आठवण काढतो, खानावळीत त्याच्यासाठी जागा धरतो, गावात शिरताच पहिल्यांदा त्याचीच चौकशी करतो. त्याच गावात रेडब्रँड नावाचे गुंड लोकांना छळत असतात आणि त्यांच्या म्होरक्याला सगळे ग्लासस्टाफ म्हणतात. ट्रेझेंडर वाड्याखालच्या तळघरात खेळाडू त्याच्या खोलीपर्यंत पोचतात तेव्हा मेजावर एक पत्र असतं. खाली सही म्हणून कोळ्याचं चित्र. वर मायना: लॉर्ड अल्ब्रेक.

मी पत्र मोठ्याने वाचत नाही, कागदावर लिहून आणलेलं असतं, ते हातात देतो. वाचणारा थांबतो, मायन्यावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवतो. आणि मग टेबलावर जे सुरू होतं त्यात माझा काहीच भाग नसतो. सिल्डरला सांगायचं की नाही? एक म्हणते आत्ताच्या आत्ता सांगायचं. दुसरा म्हणतो, इयार्नोला बांधून त्याच्यासमोर उभा करू, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं. म्यान बांधायला शिकलेला खेळाडू म्हणतो की इयार्नो पळून गेला असं सांगू, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं. तिघांचेही आवाज चढलेले असतात, शेवटची लोकल गाठायची कुणालाच आठवण नसते, आणि सिल्डर तिकडे खानावळीत त्यांची वाट बघत असतो.